धुणं आधी, पाना मग, चमक शेवटी

मिशिगनमध्ये खाजगी मोटारीची ठराविक मुदतीने होणारी सक्तीची सुरक्षा-तपासणी नाही. नोंदणीचं नूतनीकरण केलं, विमा चालू ठेवला, की गाडी रस्त्यावर आणता येते. ब्रेकचं रबर किती जुनं आहे, पत्रा खालून किती कुजलाय, हे कोणी वाकून बघत नाही. ते मालकाने बघायचं. तीस वर्षांहून जुनी गाडी बाळगणाऱ्याने तर बघायलाच हवं.

माझी गाडी १९९२ ची माझदा मिआटा. लाल, दोन माणसांची, कापडी टपाची. हिरोशिमाच्या कारखान्यात तयार झालेली. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. छोट्या, हलक्या, उघड्या ब्रिटिश गाड्यांची मजा लोक विसरले नव्हते. त्या गाड्यांचं गळणारं तेल आणि दगा देणारी वायरिंगही विसरले नव्हते. तोशिहिको हिराई यांच्या हाताखालच्या अभियंत्यांनी ती मजा ठेवली आणि तो त्रास काढून टाकला. इंजिन १.६ लिटरचं, ताकद ११६ अश्वशक्ती, वजन हजार किलोच्या आत. एप्रिल २०१६ मध्ये या मालिकेतली दहा लाखावी गाडी तयार झाली.

आम्ही डेट्रॉइटच्या पश्चिमेला, कँटनमध्ये राहतो. रोज कामाला जायची गाडी वेगळी. ही फक्त शनिवार-रविवारची. हिवाळाभर ती गॅरेजमध्ये, चार्जरला जोडून उभी असते. एप्रिलअखेर, पावसाने रस्त्यावरचं मीठ वाहून नेलं, की एक अख्खा शनिवार तिला द्यायचा. त्या दिवसाचा क्रम ठरलेला आहे. धुताना गाडी कळते. कळली की काय दुरुस्त करायचं, काय सुधारायचं ते ठरतं. आणि ते सगळं झाल्यावरच रंगाला हात लावायचा.

सकाळी ६ : गार टायर

उजाडायच्या आधी गॅरेजचं दार उघडतो. पहिलं काम टायरची हवा. ती गाडी चालवायच्या आधीच मोजायची, कारण टायर तापला की आतला दाब वाढतो आणि आकडा फसवतो. या गाडीला चारही चाकांत २६ पीएसआय सांगितलेत. आजकालच्या जड गाड्यांची सवय असलेल्याला हा आकडा कमी वाटतो आणि तो सरळ ३५ भरतो. मग हलकी गाडी खड्ड्याखड्ड्यावर उडते, आणि दोष सस्पेन्शनला दिला जातो.

टायरच्या बाजूला कोरलेले शेवटचे चार अंक टॉर्चच्या उजेडात वाचतो. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. शनिवार-रविवारच्या गाडीचे टायर झिजून संपत नाहीत, ते वयाने कडक होतात. नक्षी भरपूर शिल्लक असते, पण रबर रस्ता धरत नाही. म्हणून मी खोली मोजण्याआधी तारीख बघतो. या गाडीवर पैसे घालायचे तर पहिले टायरवर, हे माझं ठाम मत आहे. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग यांचं सगळं म्हणणं शेवटी तळहाताएवढ्या चार जागांतूनच रस्त्यापर्यंत पोचतं.

बॅटरी डिकीत आहे, उजव्या कोपऱ्यात. वजन पुढे-मागे सारखं वाटलं जावं म्हणून ती तिथे ठेवली आहे. बंद जागेत असल्यामुळे सीलबंद बॅटरीच घालायची आणि तिची वायू बाहेर नेणारी नळी जोडलेली आहे ना, ते बघायचं. चार्जर काढतो, टर्मिनल पुसतो. एका हाकेत इंजिन सुरू होतं. गाडी ढकलत नाही, चालवतच अंगणात आणतो, पण जेमतेम दहा पावलं.

सकाळी ७ : चाकं

धुण्याची सुरुवात चाकांपासून. चाकांवरची घाण सगळ्यात वाईट असते आणि ती उडून अंगावर येते. आधी अंग धुतलं तर ते दुसऱ्यांदा धुवावं लागतं. शिवाय ब्रेक आत्ता गार आहेत. तापलेल्या डिस्कवर थंड पाणी मारू नये.

चाकांची बादली वेगळी, ब्रश वेगळे. आधी नुसतं पाणी, मग लोखंडाचे कण विरघळवणारा द्राव. ब्रेक लागतो तेव्हा डिस्क आणि पॅडमधून झिजलेले बारीक कण गरम असताना चाकावर चिकटतात आणि तिथेच गंजतात. हा द्राव त्यांच्याशी मिसळला की जांभळे ओघळ दिसू लागतात. तो वाळू द्यायचा नाही, दोन-तीन मिनिटांत धुऊन टाकायचा. आज पुढच्या उजव्या चाकावर डाव्यापेक्षा जास्त जांभळं दिसतं. तिथलं पॅड एखाद्या वेळी पूर्ण सुटत नसेल. वहीत नोंद करतो. अकरा वाजता चाक निघेल तेव्हा उत्तर मिळेल.

हे सगळं मी गवताच्या कडेला करतो, रस्त्याच्या उतारावर नाही. इथल्या रस्त्याकडेच्या गटाराचं पाणी शुद्धीकरण न होता थेट ओढ्यात आणि तिथून रूज नदीत जातं. १९६९ मध्ये याच रूज नदीवरच्या तेलाने पेट घेतला होता. तिला पुन्हा जिवंत करायला कित्येक वर्षं गेली. माझ्या चाकांचं पाणी मातीतच मुरलेलं बरं.

सकाळी ८ : दोन बादल्या

एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी; दोन्हींच्या तळाशी जाळी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात जाळीवर घासून आतली माती खाली सोडायची आणि मगच पुन्हा शाम्पूत घालायचा. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे गोल चरे दिसतात ते बहुतेक धुतानाच पडतात. एकाच बादलीतलं मळकं पाणी आणि जुनं बनियन, एवढं त्याला पुरतं.

वरून खाली यायचं. टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग आणि अगदी शेवटी दारांखालचा पत्रा. गोल गोल फिरवायचं नाही, सरळ हात. टपाला मऊ ब्रश आणि पाण्याची हलकी धार. मागची खिडकी काचेची नसून पारदर्शक प्लॅस्टिकची आहे. ती थंडीत कडक होते आणि टप खाली करताना घडीवर तडकते. म्हणून तिची चेन उघडून, ती सपाट पाडून मगच टप खाली करायचा. गार सकाळी तर टपाला हातच लावायचा नाही.

धुताना माझे डोळे बोटांच्या मागे मागे जातात. पत्र्यावर नवीन टवका आहे का, दाराच्या खालच्या कडेला रंग फुगलाय का, पुढच्या दिव्यांच्या झाकणाभोवतीची फट दोन्हीकडे सारखी आहे का. हे उघडणारे दिवे या पहिल्या पिढीपुरतेच होते. मोटर बिघडली तरी बॉनेटखाली रबरी टोपीच्या आड एक खटका असतो. तो हाताने फिरवून दिवे वर आणता येतात. तो दरवर्षी फिरवून बघतो. रात्रीच्या रस्त्यावर तो शोधायची वेळ येऊ नये.

सकाळी ९ : पाणी जातं कुठे

आजच्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम हे, आणि त्याला फारसा खर्च नाही. टपावर पडलेलं पावसाचं पाणी मागच्या कडेच्या पन्हळीत गोळा होतं आणि दोन्ही बाजूंच्या भोकांतून, सीटमागच्या खांबांच्या आतून उतरून मागच्या चाकांच्या पुढे जमिनीवर पडतं. या वाटेत पानं, धूळ, पाइनच्या सुया अडकल्या की पाणी तुंबतं. मग ते गालिच्याखाली जातं, किंवा दारांखालच्या पोकळ पत्र्यात साचतं. बाहेरून रंग चकचकीत असतो आणि आतून पत्रा कुजत असतो. जुन्या मिआटा गंजून संपतात त्या बहुतेक इथूनच, मागच्या चाकाच्या पुढच्या त्या वीतभर जागेतून.

मिशिगनमध्ये त्यात मिठाची भर. डेट्रॉइट शहराखाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, आणि तिथलं मीठ हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ वितळवायला वापरलं जातं. रस्ता मोकळा होतो, जीव वाचतात. पण खारं पाणी पत्र्याच्या प्रत्येक सांध्यात शिरतं. म्हणूनच ही गाडी मी हिवाळ्यात अजिबात बाहेर काढत नाही.

भोक साफ करायला तार घालायची नाही. तारेने आतली रबरी नळी फाटते आणि होतं त्याहून वाईट होतं. गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉनची दोरी टोक गोल करून हलकेच सोडायची. मग एक पेला पाणी ओतायचं आणि खाली बघायचं. लेक गाडीशेजारी पोटावर झोपून पहारा देते.

"आलं का?"

"डावीकडे भरपूर आलं, बाबा. उजवीकडे थेंब थेंब."

उजवीकडे पुन्हा दोरी, पुन्हा पाणी. काळपट चिखलाची गोळी बाहेर पडते आणि धार मोकळी होते. गालिचा उचलून तळहात लावून बघतो. कोरडा आहे. दारांखालच्या पत्र्यावर बोटाने टकटक करतो. आवाज सगळीकडे टणक येतो. पोकळ भागात गंजरोधक मेणाचा फवारा लांब नळीने मारून ठेवतो.

सकाळी १० : पोहे

हात धुऊन पोहे आणि चहा. तेवढ्या वेळात गाडी वाळते. अंगाला चाकांच्या द्रावाचा वास येतो म्हणून मला स्वयंपाकघराच्या दारातच ताटली मिळते. खाता खाता वहीतली यादी लेकीला वाचून दाखवतो. ती सोळा वर्षांची आहे, याच गाडीवर क्लच शिकली. आज ब्रेकच्या पेडलवर तिचा पाय असणार आहे.

सकाळी १०.३० : घोड्यांवर

आता पाना. सपाट काँक्रीट, मागच्या चाकांना ठोकळे. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे. पुढून उचलायची तर दोन्ही चाकांमधल्या आडव्या सबफ्रेमच्या मध्यावर जॅक, मागून उचलायची तर डिफरन्शिअलच्या गोळ्याखाली. उचलली की लगेच स्टँड, म्हणजे आपल्याकडच्या गॅरेजातल्या घोड्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. घोड्यांवर बसली की गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून बघायची. हलायची असेल तर आत्ता हलू दे, मी खाली असताना नको.

खंडेनवमीला आमच्याकडे टॉर्कचा पाना, म्हणजे नट ठरलेल्या जोराने आवळणारा पाना, पाटावर मांडून त्याला हळद-कुंकू वाहतात. माझ्या आजोबांच्या काळी गिरणीतली हत्यारं मांडायचे. ज्या वस्तूवर जीव सोपवायचा तिला वर्षातून एकदा नमस्कार करावा, हे मला पटतं. आणि उरलेलं वर्ष ती नीट वापरावी, हेही.

सकाळी ११ : ब्रेक

पुढचं उजवं चाक निघतं आणि सकाळच्या जांभळ्या रंगाचं उत्तर मिळतं. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक कोरडी पडली आहे. पॅड एका बाजूने जास्त झिजलंय. पिन काढून, जुनं ग्रीस पुसून, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावतो. आज नवीन पॅड तसेही घालायचेच होते.

सुधारणा म्हणून आज ब्रेकच्या चारही रबरी नळ्या जाऊन त्यांच्या जागी स्टीलच्या विणीच्या नळ्या येणार आहेत. आतून टेफ्लॉन, बाहेरून विणलेली तार. आणि अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा मानक क्रमांक १०६ प्रमाणे तपासलेल्याच घ्यायच्या. जुनं रबर दाबाखाली फुगतं, पायाचा थोडा जोर त्या फुगण्यातच जातो. जिथे पाऊल सांगेल तितकाच ब्रेक लागायला हवा, तिथे हा फरक कळतो. त्यातला मोठा वाटा नळी नवी असण्याचा आहे, पण हात घालायचाच आहे तर टिकाऊ वस्तू घालावी.

लोखंडी पाइपच्या नटावर काल रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलंय. या नटाला साधा दहाचा पाना लावला तर त्याचे कोपरे गोल होतात. त्यासाठी नटाला जवळजवळ चहूबाजूंनी धरणारा खास पाना लागतो. तो शेजारच्या आजोबांकडून आणला. ते वेनच्या फोर्ड कारखान्यातून निवृत्त झालेत. पाना देताना त्यांनी एकच गोष्ट बजावली : तांब्याचे वायसर जुने परत लावू नकोस. ते एकदा दाबले गेले की त्यांचं काम संपलं. आठही नवे आणलेत.

मागच्या कॅलिपरची एक खासियत माहीत असायला हवी. इथे पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, कारण हँडब्रेकची यंत्रणा त्यातच आहे. मागच्या बाजूला चौदाचा एक झाकणबोल्ट असतो. तो काढला की आत चार मिलिमीटरची ॲलन की बसते. ती उलटी फिरवली की पिस्टन मागे जातो. नवीन पॅड बसल्यावर सुलटी फिरवून पॅड डिस्कला टेकवायचे आणि एक-तृतीयांश फेरा परत सोडायचं. हे माहीत नसलेले लोक मोठा क्लॅम्प लावून जोर करतात आणि चांगला कॅलिपर निकामी होतो. हा भाग आज लेकीने केला. हात माझ्यापेक्षा हलका आहे तिचा.

मग ब्रेकमधली एअर काढणं आणि त्याबरोबर जुनं ऑइल बदलणं. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर ही हमी १५५ पर्यंत खाली येते. उतारावर सतत ब्रेक लागून ते उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाऊल थेट फरशीला टेकतं. म्हणून गाडी कितीही कमी चालो, दोन वर्षांनी ऑइल बदलायचंच.

मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत.

"दाब. धरून ठेव."

"धरलं."

निपल उघडतो, तपकिरी ऑइल बुडबुड्यांसकट येतं. निपल बंद.

"सोड."

नळीत स्वच्छ, पिवळसर ऑइल येईपर्यंत हे चालू. मधे मधे वरची डबी भरत राहायची. ती रिकामी झाली तर हवा आत जाते आणि पहिल्यापासून सुरुवात. ब्रेक ऑइल रंग खातं, म्हणून मडगार्डवर ओलं फडकं पसरलंय आणि पाण्याची बादली हाताशी आहे. पॉलिश दुपारी ठेवण्याचं हे एक मोठं कारण. जुनं ऑइल बाटलीत बंद करून घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात न्यायचं.

चाकं चढवून नट टॉर्कच्या पान्याने, समोरासमोरचे आळीपाळीने. या गाडीला ६५ ते ८७ फूट-पाउंड सांगितलेत; मी ८० ला आवळतो.

दुपारी १ : वरण-भात आणि टर्बोचा प्रश्न

जेवताना दरवर्षी एक विषय निघतो. टर्बो कधी? या गाडीला टर्बो बसवणारे पुष्कळ आहेत, तयार संच मिळतात, आणि नीट जुळवलेली गाडी खरोखर छान पळते. पण ताकद वाढली की क्लच, गिअरबॉक्स, रेडिएटर आणि ब्रेक सगळ्यांनाच तिच्या मागे धावावं लागतं. माझ्या गाडीच्या पुढच्या डिस्क २३५ मिलिमीटरच्या आहेत. १९९४ मध्ये १.८ लिटरचं इंजिन देताना माझदाने स्वतः त्या २५५ च्या केल्या. थोडी ताकद वाढवताना कारखान्याने आधी थांबण्याची सोय केली, हा धडा मी घेतला आहे. माझा क्रम असा : टायर, ब्रेक, रबरी बुश आणि शॉक-अब्सॉर्बर, मग उलटल्यास डोकं वाचवणारा रोल बार. इंजिनचा नंबर त्यानंतर. या यादीत रोल बार अजून बाकी आहे आणि पुढचा मोठा खर्च तोच.

दुपारी १.४५ : गिअरचा दांडा

थोड्या पैशांत सगळ्यात जास्त सुख देणारी सुधारणा. या गिअरबॉक्समध्ये दांडा ज्या कोनाड्यात बसतो तिथे स्वतःचं वेगळं थोडंसं तेल असतं. ते वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. वर दोन रबरी आवरणं असतात. खालचं फाटलं की गिअरबॉक्सची उष्णता आणि घरघर थेट केबिनमध्ये येते. उन्हाळ्यात मधला बोगदा तापतो अशी तक्रार असते, तिचं कारण पुष्कळदा एवढंच.

गाडी उचलावी लागत नाही. मधलं कन्सोल काढायचं, दोन आवरणं काढायची, तीन बोल्ट सोडायचे, दांडा वर येतो. टोकावरची नायलॉनची वाटी झिजून सैल झालीय. सिरिंजने काळं तेल ओढून काढतो, ७५डब्ल्यू-९० जीएल-४ तेल भरतो, नवी वाटी, नवी आवरणं. पुन्हा बसवून गिअर टाकून बघतो. दांड्याची हालचाल आधीच आखूड आहे. आता पहिल्या आणि तिसऱ्यातलं अंतर बोटांना स्पष्ट कळतं. मधली वर्षं चिखलात पाय टाकल्यागत दांडा फिरत होता असं नव्हे, पण या नेमकेपणाची आठवण पुसट झाली होती.

दुपारी ३ : हाताला लागणारं, डोळ्यांना न दिसणारं

गाडी गॅरेजमध्ये, सावलीत. पॅनल गार हवं. सकाळपासूनची धूळ शाम्पूच्या पाण्याने पुन्हा काढून कोरडी करतो. हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून बोटं फिरवतो. उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारा रंग पिशवीतून खरखरीत लागतो. हे चिकटलेले कण क्ले बारने निघतात. भरपूर ओलावा द्यायचा, क्ले सरळ रेषेत, वजन न देता फिरवायचा, मळला की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणायची. जमिनीवर पडला तर तो तुकडा फेकून द्यायचा.

मग रंगाची जाडी मोजतो. कारखान्याचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. कागदाच्या एक-दीड पानाएवढा. या गाडीचं बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे, चुंबक चिकटत नाही. तिथे लोखंडाबरोबर इतर धातूंवरही चालणारं मापक लागतं. बंपर प्लॅस्टिकचे, तिथे मापक चालतच नाही. तिथे हात आखडता ठेवायचा. आकडा एकदम दुप्पट-तिप्पट आला तर तिथे पूर्वी डेंटिंग-पेंटिंग झालंय असं समजायचं.

दुपारी ३.४५ : पॉलिश

दिव्यांच्या, दारांच्या कडांना आणि काळ्या रबराला मास्किंग टेप. कडेवर रंग नेहमी पातळ असतो. ड्युअल ॲक्शन पॉलिशर घेतो. त्याची चकती फिरता फिरता सरकतेही, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत नाही. आधी दोन फूट बाय दोन फुटांचा नमुना. सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात सौम्य पॉलिश. पुरलं नाही तरच पुढची पायरी. काढलेला रंग परत घालता येत नाही.

पांढऱ्या पॅडवर लाल रंग उतरतो. घाबरायचं कारण नाही. नंतरच्या बहुतेक गाड्यांत रंगावर पारदर्शक थर असतो. माझ्या गाडीचा लाल एकथरी आहे. वरचा, उन्हाने फिका पडलेला पापुद्रा निघतोय एवढंच. पण पॅड पटकन भरतं, म्हणून प्रत्येक भागानंतर ब्रशने साफ करायचं आणि लवकर बदलायचं. संथ हात, आडव्या फेऱ्या, मग उभ्या, प्रत्येक फेरी आधीचीला अर्धी झाकणारी.

फिका, गुलाबी पडलेला लाल खोल होत जातो. नमुन्याच्या जागेवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचं पातळ मिश्रण फिरवतो, कारण पॉलिशमधलं तेल चरे बुजवून खोटी चमक दाखवतं. दिवा तिरका धरून बघतो. बारीक चरे गेलेत, दोन-तीन खोल आहेत. ते ठेवतो. त्यांच्या मागे लागलो तर रंग संपेल. या गाडीला अजून पुष्कळ वर्षं चालायचं आहे.

संध्याकाळी ५.३० : संरक्षण

एकथरी लालाला मेण शोभतं. कार्नौबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं; कडक असतं आणि रंगाला खोली देतं. ते फार टिकत नाही, पण वर्षातून दोनदा हाताने लावायला मला आवडतं. रोजच्या गाडीला सिरॅमिक कोटिंग चांगलं. धुणं सोपं होतं. मात्र दगडाच्या टवक्यापासून ते वाचवत नाही, आणि चरे असलेल्या रंगावर लावलं तर चरे त्याखाली कोंडले जातात. मेणाचा पातळ हात, थोडा वेळ थांबून स्वच्छ फडक्याने पुसणं. टपाला त्याचं वेगळं संरक्षक, मागच्या खिडकीला प्लॅस्टिकचं पॉलिश, दारांच्या रबराला सिलिकॉन ग्रीस.

संध्याकाळी ६.३० : रस्ता

नवे पॅड डिस्कशी जुळवावे लागतात. आधी गल्लीतच, चालण्याच्या वेगात ब्रेक दाबून बघतो. पेडल वर आणि टणक. मग गावाबाहेरचा सरळ, मोकळा रस्ता, मागे कोणी नाही याची खात्री. ताशी ५० मैलांच्या वेगावरून १० पर्यंत खाली, पूर्ण न थांबता, पुन्हा वेग, पुन्हा खाली, असं ओळीने आठ-दहा वेळा. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. नंतर काही मैल ब्रेक न वापरता गार होऊ द्यायचे. तापलेल्या ब्रेकवर पाय ठेवून उभं राहिलं तर एकाच जागी डाग बसतो आणि पुढे पेडल थरथरतं.

मग ॲन आर्बरहून डेक्स्टरकडे जाणारा ह्युरॉन रिव्हर ड्राइव्ह. नदीच्या काठाकाठाने वळणं घेत जाणारा रस्ता. टप खाली, हीटर चालू. वेगमर्यादेच्या आतच ही गाडी सगळं बोलते. दुसऱ्यातून तिसऱ्यात दांडा न अडखळता जातो. वळणाआधी पाऊल जेवढं दाबलं तेवढाच ब्रेक, कुठल्याही बाजूला ओढ नाही. परतताना लेक चालवते. संधिप्रकाशात हरणं रस्त्यावर येतात, म्हणून वेग आणखी कमी.

रात्री ९ : वही

घरी आल्यावर चारही नळ्यांचे जोड टॉर्चने बघतो, कोरडे आहेत. वहीत लिहितो : पुढच्या उजव्या कॅलिपरची पिन, उजवीकडची तुंबलेली वाट, ऑइलची तारीख, रंगाच्या जाडीचे आकडे. चाकांचे नट ५० मैलांनंतर पुन्हा तपासायचे आहेत, तेही.

ज्यांना घरी अशी गाडी सांभाळायची आहे त्यांना माझं सांगणं एवढंच. सुधारणांची यादी कॅटलॉग वाचून करू नका. आधी दोन बादल्या घेऊन गाडी हाताने धुवा आणि ती काय दाखवते ते लिहून काढा. पहिली खरेदी दोन चांगल्या घोड्या आणि टॉर्कचा पाना यांची असू द्या. टायर आणि ब्रेक नीट होईपर्यंत ताकदीवर एक डॉलरही खर्च करू नका. आणि टपाच्या पन्हळीतलं पाणी खाली पोचतंय का, ते पुढच्या पावसाआधी बघून घ्या.